दादा, तुझ्या शोकसभेत मी गिटार वाजवली

दादा,

आधी हे सांगून टाकते. तुझ्या शोकसभेत मी गिटार वाजवली. फोटोला हार घातलेला, मेणबत्त्या पेटलेल्या, बुद्धवंदना नुकतीच संपलेली, आणि तुझी एकसष्ट वर्षांची बहीण गावच्या समाजमंदिरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून गिटार वाजवत होती. काही जणांना ते अजून पचलेलं नाही. आपला चुलतभाऊ सुधाकर माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. तू असतास तर तूही चिडला असतास, फक्त तुझं कारण वेगळं असतं.

सभेत नऊ-दहा जण बोलले. सगळ्यांनी तुला शांत आणि मनमिळाऊ म्हटलं. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे. तू मनमिळाऊ नव्हतास, दादा. तू हट्टी होतास, तिरसट होतास. एखादी तार किंचित उतरलेली असली तर समोर जेवणाचं ताट आलं तरी हात लावत नव्हतास. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीतली तुझी तीस वर्षं लोकांना आठवली, गावच्या नळपाणी योजनेसाठी तू घातलेले हेलपाटे आठवले. गिटारचं नाव एकानेही काढलं नाही. जणू ते तुझं एखादं व्यसन होतं, माणूस गेल्यावर झाकून ठेवायचं.

मला ते सहन झालं नाही.

तू पहिली गिटार घरी आणलीस तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि तू एकवीसचा. बाबा मुंबईत गोदीत होते, बारावीनंतर तूही त्यांच्या खोलीवर राहायला गेला होतास. शेजारच्या खोलीत एक म्हातारा गोवेकर राहायचा. त्याच्याकडे रेकॉर्डचा ढीग होता आणि एक जुनी गिटार. त्याने तुला ब्लूज ऐकवला, मग शिकवला, आणि शेवटी गावी परत जाताना गिटार तुझ्याच गळ्यात घातली. मे महिन्यात तू ती एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन आलास. अंगणात चटईवर बसून तू वाजवायला लागलास तेव्हा आईने विचारलं होतं, "हे रडतंय का हसतंय?"

तू म्हणालास, "दोन्ही."

हे गाणं कोणाचं, ते तू मला त्या अंगणातच सांगितलंस. अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना बाजारात उभं करून विकलं होतं, त्यांचं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. बाबा सुट्टीवर आले होते. भीमजयंतीला बाबांची गायन पार्टी पंचक्रोशीत फिरायची, पेटीवर ते स्वतः असायचे. तुझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तुझा तो मधला सूर पेटीवर शोधायला घेतला. तार ओढून तू जो काढायचास, तो. एक पट्टी दाबली, मग शेजारची. सापडेना. "हा सूर पेटीत नाय रे," ते म्हणाले, "दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो हा." आणि हसले. हरल्यावर इतकं खूश झालेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

मी मागे लागले म्हणून तू मला शिकवलंस. ई, ए आणि बी सेव्हन. तीन कॉर्ड. त्या उन्हाळ्यात माझ्या बोटांना फोड आले, फुटले, आणि खाली जाड कातडी आली. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तू गिटार माझ्या हातात दिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ही आता नंदाची." आई म्हणाली, मुलीला गिटार कशाला? तू म्हणालास, पास झालीय ती. दुसरं कारण तू दिलंच नाहीस.

चार वर्षं मी वाजवली. मग माझं लग्न झालं. सासरी पहिल्याच दिवशी गिटार घेऊन जायची हिंमत झाली नाही, म्हणून पहिल्या माहेरपणाला घेऊन जाईन असं ठरवलं होतं. माहेरपणाला आले तर भिंतीवर नुसता खिळा.

तोवर तू लोट्याला नोकरीला लागला होतास, आणि ती कंपनीतल्या एका मित्राला देऊन टाकली होतीस. "तू आता कुठे वाजवणार होतीस?" असं म्हणालास आणि बस गाठायला निघून गेलास. तुला दुसरी पाळी होती.

मी काही बोलले नाही. विसाव्या वर्षी मला बोलता येत नव्हतं. पुढची अडतीस वर्षंही मी बोलले नाही. तुझ्याकडे काही वर्षांनी दुसरी गिटार आली. लोट्याच्या क्वार्टरमध्ये तू पाळीवरून आलास की वाजवायचास, मी यायचे तेव्हा ऐकायचे, चहा प्यायचे आणि रत्नागिरीला परत जायचे. "हात लावून बघतेस का?" एवढंही तू विचारलं नाहीस. मीही मागितली नाही. आपण दोघं एकाच आईबापाची, हे तिथे कळायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेब भाषणात म्हणाले, आता मॅडम नातवंडांत रमतील. पुण्याहून मुलीचा फोन आला, आई, आता इकडेच ये. यांनी सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात माझं नाव परस्पर घालून टाकलं. म्हणजे माझ्या पुढच्या वीस वर्षांचं काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मिरजोळ्याची बस पकडली आणि तुझ्या दारात येऊन उभी राहिले.

"मला पुन्हा शिकव," मी म्हटलं.

निवृत्तीनंतर तू मिरजोळ्याला घर बांधलं होतंस, मागे एक पत्र्याची खोली काढली होतीस, तिथेच तुझा सगळा पसारा असायचा. तू माझा डावा हात हातात घेतलास, बोटं एकेक करून वाकवून बघितलीस. छत्तीस वर्षं टायपिंग आणि फायली. करंगळी निम्मीच वळत होती.

"आता कशाला गो?"

"तेव्हा तू विचारलं नव्हतंस कशाला, आता विचारतोस?"

तू आत जाऊन गिटार घेऊन आलास आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. "सहा महिने फक्त उजव्या हाताचा अंगठा," म्हणालास. "डावा हात तारांना लावायचा नाही. ठेका पायात बसला तरच पुढे."

सहा महिने, दादा! अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला सहा महिने तू जाड तारांवर ढम् ढम् ढम् ढम् करायला लावलंस. पाय हलला नाही की बाजूची पट्टी उचलून माझ्या चपलेवर ठोकायचास. वहिनी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. मला वाटायचं, बिचारीला त्रास होतो, पण तुला सांगणार कोण.

मी स्वतःची गिटार घेतली. काळ्या पिशवीत घालून पाठीला लावायची आणि बसमध्ये चढायची. पहिल्या दिवशी कंडक्टरने विचारलं, "आजी, पोराची काय?"

"माझी."

"वाजवता?"

"शिकतेय. एक मिरजोळे दे."

बसमधल्या दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी यांना विचारलं, काकूंना बरं आहे ना? यांनीही थोडे दिवस टीव्हीचा आवाज वाढवून बघितला. मी दार लावलं नाही की आवाज कमी केला नाही. आमच्या घरात मग बातम्या आणि ब्लूज एकदमच लागायचे. शेवटी टीव्ही हटला.

सातव्या महिन्यात तू मला डावा हात दिलास. माझी करंगळी बी सेव्हनला पोचेना. मी म्हटलं, नाही जमत, वयाचं बोट आहे. तू म्हणालास, "वयाचं नाय, आळसाचं." मला रडू आलं. घरी जाऊन त्या करंगळीला मी रोज सकाळी कोमट पाण्यात धरून वळवायला लागले. अजून ती पूर्ण वळत नाही, पण बी सेव्हनला पोचते.

तुझे उपकार म्हणून मला काही लिहायचं असेल तर हेच. या तीन वर्षांत तू मला एकदाही "या वयात छान वाजवतेस" म्हटलं नाहीस. बाकी सगळे म्हणतात. कौतुकाने म्हणतात, लहान मुलाच्या गोष्टीला टाळ्या वाजवाव्यात तसं. तू चुकलं की चुकलं म्हणायचास आणि बरोबर आलं की नुसता पुढचा धडा घ्यायचास. ऑफिसात छत्तीस वर्षांत मला एवढा मान कोणी दिला नाही.

आणि आपलं ते भांडण. मला मराठीत गायचं होतं. तुला ते अजिबात मान्य नव्हतं.

"त्यांचं दुःख आहे ते," तू म्हणायचास. "जसंच्या तसं म्हणायचं, त्यांच्या शब्दांत. आदर म्हणून. आपल्या गाण्याला कोणी असं हात लावला तर चालेल तुला?"

"मला त्यांचं दुःख गायचंच नाही. माझं गायचंय. फक्त रीत त्यांच्याकडून घेते, आणि कोणाकडून घेतली ते सांगून घेते."

"मराठीत बसत नाय ते. शब्द लवकर संपतात, सूर लोंबकळत राहतो."

"बसवते की नाही बघ."

"बसव मग. माझ्यासमोर नको."

एकदा तर तू चिडून खोलीतून उठून गेलास आणि बाहेर फणसाखाली उभा राहिलास. मी आत वाजवत राहिले. इंग्रजी शब्द म्हणताना मला नेहमी ऑफिसातलं परिपत्रक वाचून दाखवतेय असं वाटायचं. तुला तसं वाटत नव्हतं, कारण तू ती गाणी वीस-एकविसाव्या वर्षी त्या गोवेकराच्या खोलीत, परक्या शहरात ऐकली होतीस. ती तुझीच झाली होती. एवढं मला कळत होतं. पण मी काय करावं, हे त्यावरून ठरत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एकदा, तू तारा बदलत होतास तेव्हा, मी विचारलं. "दादा, माझी गिटार का दिलीस?"

तू खुंटी पिळायला लागलास. "ही तार खोटी निघाली," म्हणालास. तार चांगली होती.

यंदा तुला श्वास लागायला लागला. जिना चढताना, मग बोलताना, मग नुसतं बसलेलं असताना. तपासण्या झाल्या, औषधं झाली, पुन्हा दवाखाना झाला. शेवटच्या रविवारी मी गिटार घरी ठेवून दवाखान्यात आले. तू उशीला टेकून बसला होतास. ऑक्सिजनची नळी नाकात, आणि उजवा अंगठा चादरीवर हळूहळू पडत होता. मी त्या ठेक्यावरून ओळखलं तू काय वाजवतोयस ते. वहिनी खाली औषध आणायला गेली होती. मला वाटलं, आता नाही विचारलं तर राहून जाईल.

"दादा, मला फक्त एवढं सांग. तू ती का दिलीस? मला विचारलंही नाहीस."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग डोळे न उघडताच म्हणालास, "डाव्या हाताचा अंगठा खाली ठेव. वर येतो तुझा."

"दादा."

"येत्या रविवारी बोलू."

तू गुरुवारी गेलास.

दादा, त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. माणूस गेला की सगळं सोडून द्यावं, असं मला चार जणींनी सांगितलं. मी सोडलेलं नाही. तुझी चूक होती. तू मला काहीतरी दिलंस, सगळ्यांसमोर दिलंस, आणि मग माझं आयुष्य कुठे संपलं ते तू ठरवलंस आणि परत घेतलंस. तीन वर्षं दर रविवारी माझी बोटं तारांवर नीट बसवत होतास, ते त्याच्याचसाठी होतं का? असेलही. मी ते तसंच धरते. पण तोंडाने बोलला असतास तर बरं झालं असतं. मला ऐकायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच.

शोकसभेला मी गिटार घेऊन गेले तेव्हा वाजवीनच असं ठरवलं नव्हतं. पिशवी मागे भिंतीला उभी केली होती. भाषणं चालू होती, मनमिळाऊ, मनमिळाऊ. शेवटी सूत्रसंचालकाने विचारलं, अजून कोणाला दोन शब्द बोलायचेत का? मी उठले आणि पिशवीची चेन उघडली. त्या शांततेत तो चेनचा आवाज केवढा झाला!

सुधाकर पुढे आला. तो खास मुंबईहून आला होता, पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट. हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे शोभतं का? वंदना झालीय. लोक काय म्हणतील?"

"वंदना झाली, मी हात जोडून म्हटली. आता मला दादाबद्दल दोन शब्द बोलायचेत. मला असेच बोलता येतात."

"ही काय ऑर्केस्ट्राची जागा आहे?"

"याच जागेत बाबांची पार्टी रात्र रात्र गायची, सुधाकर. तू पेंगायचास, आणि मी तुला उठवायचे. बस खाली."

तो बसला नाही, दारात जाऊन उभा राहिला. पहिले चार ठोके चुकले. मग पाय जमिनीवर पडायला लागला आणि अंगठा आपोआप त्याच्यामागे गेला. आणि दादा, मी मराठीत गायले. तुझ्यासमोर नको म्हणाला होतास ना? तुझ्या फोटोसमोर गायले. शब्द माझेच होते, घरी तुझ्यापासून लपवून जुळवलेले.

कंपनीची बस आली, अंधार दारात,
कंपनीची बस आली, अंधार दारात,
हात गेले कामाला, गाणं राहिलं घरात.

पहिल्या वेळी कोणी हललं नाही. दुसरं कडवं घेतलं. पहिली ओळ मी म्हटली, आणि ती पुन्हा म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी ती उचलली. फुटका आवाज, पण सुरात. गोविंदकाका. बाबांच्या पार्टीत मागून ओळ उचलून धरायला जे असायचे ते. ऐंशीच्या पुढे आहेत, दोन माणसांनी धरून आणलं होतं त्यांना. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की ही ओळ दोनदा म्हणायची असते. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. मी पुढची ओळ टाकली, त्यांनी ती धरली, त्यांच्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी धरली, मग बायकांच्या बाजूने आवाज आला. तिसरी ओळ मी एकटीने म्हटली, तिचं उत्तर मला एकटीलाच द्यायचं होतं. तो मधला सूर, पेटीच्या फटीतला, मी तार ओढून काढला. थोडा कमीच लागला. पण लागला.

बसतं रे, दादा. मराठीत बसतं. शब्द लवकर संपतात हे तुझं खरं, पण उरलेल्या जागेत माणसं येऊन बसतात. तुझ्या खोलीत आपण दोघंच होतो, म्हणून ते आपल्याला कळलं नाही.

गाणं संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. सुधाकर न जेवता गाडीत बसला. दोन दिवसांनी समाजमंदिराच्या कमिटीचा फोन आला, पुढच्या वेळी आधी विचारत जा म्हणून. मी म्हटलं, जयंतीचा कार्यक्रम कधी ठरवताय? आत्ताच विचारून ठेवते. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघा, मी पुन्हा फोन करीन.

त्यानंतर दोन रविवार मी मिरजोळ्याला गेले नाही. कशी जाणार? वहिनीने आयुष्यभर तो आवाज सहन केला, आता तरी तिला शांतता मिळू दे, असं मनाशी म्हटलं. खरं तर त्या खोलीचं दार उघडायची माझीच छाती होत नव्हती.

तिसऱ्या रविवारी वहिनीचा फोन आला. "येणार नाहीस काय गो?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"चार वाजले की काय करू ते कळत नाय मला. ये."

गेले. तिने खोली झाडून ठेवली होती. तुझी खुर्ची होती तिथेच होती, मी माझ्या स्टुलावर बसले. मला वाटलं वहिनी आत जाऊन दार लावून घेईल. ती सुपात सुका जवळा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून निवडायला लागली. मी तू शिकवलेला शेवटचा तुकडा काढला. बारा बारांचं एक आवर्तन झालं, पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि मधेच वहिनी म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"तिथं घाई करतेस. हे तिथं जरा थांबायचे. मग पुढं जायचे."

ती सुपातून मान वर काढत नव्हती.

"तुम्ही ऐकायचात, वहिनी?"

"दार लावलं म्हणजे कान लावले काय?"

"पण तिथे थांबायचं नसतं. ठेका तुटतो. दादा चुकायचा तिथे."

"चुकू देत. तीस वर्षं मी तसंच ऐकलंय."

"मी तसं वाजवणार नाही."

"मग परत वाजव," वहिनी म्हणाली. "बघू किती वेळा वाजवतेस."

मी पाच वेळा वाजवलं, दादा. पाचही वेळा न थांबता. पाचही वेळा तिने त्याच जागी मान वर करून माझ्याकडे बघितलं. सहाव्यांदा वाजवायला घेतलं तेव्हा ती सूप बाजूला ठेवून तुझ्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिने माझ्या चपलेकडे बघितलं. तुझ्यापेक्षा कडक आहे ती. पण मीही हटणारी नाही.